नॉर्दर्न वुमन जर्नल

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील थंडर बे या शहरातून निघणारे इंग्रजी स्त्रीवादी वार्तापत्र. ते १९७३ च्या सुमारास ‘द नॉर्दर्न वुमन’ या नावाने सुरू झाले आणि १९९५ पर्यंत चालले. संपादनापासून टपाल रवाना करण्यापर्यंतची सर्व कामे विनावेतन काम करणाऱ्या स्त्रियांचा एक गट सामूहिक निर्णयाने पार पाडीत असे.

नावातील ‘उत्तर’ कोणती, हे आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. थंडर बे हे शहर पोर्ट आर्थर आणि फोर्ट विल्यम ही सुपीरिअर सरोवराकाठची जुळी शहरे १९७० मध्ये एकत्र करून अस्तित्वात आले. त्याचे अक्षांश सुमारे ४८° उ. आहेत, म्हणजे ते पॅरिसच्याही किंचित दक्षिणेस येते. तेथील ‘उत्तर’ ही संज्ञा अक्षांशापेक्षा प्रांताच्या राजधानीपासूनच्या अंतरावर बेतलेली आहे. ऑन्टॅरिओची राजधानी टोराँटो येथून थंडर बे रस्त्याने जवळपास १,४०० किमी. दूर असून शेजारच्या मॅनिटोबा प्रांताची राजधानी विनिपेग त्याच्या निम्म्याच अंतरावर आहे. प्रांताचे नव्वद टक्क्यांच्या आसपास क्षेत्र या उत्तर भागात मोडत असले, तरी १९७० च्या दशकारंभी तेथे सुमारे एक दशांशच लोकसंख्या होती. खाणी, लाकूडतोड, कागदाचे कारखाने आणि रेल्वे यांवर उभ्या असलेल्या विखुरलेल्या गावांत पगारी कामे बहुतांशी पुरुषांचीच होती. अशा प्रदेशात टपालाने येणारे वार्तापत्र हे संघटनेचे साधन का ठरले, हे या भूगोलावरूनच उमगते.

पत्राच्या उगमाचा विचार कॅनडातील स्त्री-चळवळीच्या व्यापक इतिहासापासून वेगळा करता येत नाही आणि त्या इतिहासाबाबत अभ्यासकांत दोन कल दिसतात. एका मतानुसार स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या शाही आयोगाने (नियुक्ती १९६७, अहवाल १९७०) केलेल्या १६७ शिफारशी आणि त्यापाठोपाठ १९७१ पासून युवक व स्थानिक उपक्रमांसाठी सुरू झालेली केंद्रीय अनुदाने यांमुळे देशभर स्त्री-केंद्रे व वार्तापत्रे उगवली. दुसरे मत स्थानिक गटांना व त्यांनी भरवलेल्या परिषदांना अग्रक्रम देते; थंडर बे येथेही १९७३ मध्ये उत्तरेतील स्त्रियांची परिषद भरली होती. अनुदानांनी जागा व छपाईचा आरंभीचा खर्च काही ठिकाणी भागला असेल. परंतु वर्गणी, देणग्या व श्रमदान यांच्या बळावर दोन दशके टिकलेल्या पत्राच्या बाबतीत दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

या काळात प्रदेशातील स्त्रियांपुढे असलेले प्रश्न दक्षिणेतील शहरांसारखेच असले, तरी अंतरामुळे त्यांचे स्वरूप बदलत असे. गर्भपाताचे उदाहरण बोलके आहे. कॅनडाच्या फौजदारी कायद्यातील १९६९ च्या दुरुस्तीनुसार गर्भपातासाठी मान्यताप्राप्त रुग्णालयातील किमान तीन डॉक्टरांच्या समितीची संमती बंधनकारक होती आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर त्या समितीवर असून चालत नसे. जेथे मुळात चार डॉक्टर नव्हते, त्या गावात हा हक्क कागदावरच राही. ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये रद्दबातल ठरवली. आदिवासी स्त्रीने ‘इंडियन’ (कायद्याने मान्य आदिवासी) दर्जा नसलेल्या पुरुषाशी विवाह केल्यास तिचा स्वतःचा दर्जा जात असे, तोही १९८५ च्या दुरुस्तीपर्यंत. ऑन्टॅरिओतील आदिवासी स्त्रियांची संघटना १९७१ मध्ये स्थापन झाली असून तिचे कार्यालय थंडर बे परिसरातच आहे. पत्राभोवतीचा गट मात्र मुख्यतः शहरी व गौरवर्णीय होता, ही मर्यादा नोंदवणे योग्य ठरेल.

निर्मितीची पद्धत त्या काळच्या इतर वार्तापत्रांसारखीच होती : टंकलिखित स्तंभ कापून चिकटवणे, मथळ्यांची अक्षरे हाताने उमटवणे, ऑफसेटवर छपाई आणि मग घड्या घालून पत्ते लिहिणे. बातम्यांबरोबर कविता व वाचकांची पत्रेही असत. शहरात १९८३ मध्ये उघडलेल्या स्त्रीवादी पुस्तकांच्या दुकानाशी पत्राचे निकटचे नाते होते.

केंद्र सरकारने १९९० च्या अंदाजपत्रकात स्त्री-केंद्रांची व काही स्त्रीवादी नियतकालिकांची अनुदाने तोडली, आणि पुढील काही वर्षांत अशी अनेक प्रकाशने थांबली. कॅनडातील स्त्री-चळवळीच्या नियतकालिकांचा मोठा संग्रह १९९२ पासून ओटावा विद्यापीठात आहे. त्या संग्रहाचा आरंभही ‘द अदर वुमन’ या टोराँटोतील बंद पडलेल्या स्त्रीवादी पत्राच्या दप्तरापासून झाला होता.