ओहोटीच्या रेषेजवळचा काळा गंज

ओहोटीला धक्क्याचा पोलादी खांब उघडा पडला की नजर आधी जाते ती वरच्या तांबड्या पोपड्यांकडे. लाटांचे शिंतोडे उडतात त्या पट्ट्यात मीठ, ओल आणि हवा तिन्ही भरपूर असतात, त्यामुळे तिथे गंज चढणारच. पण तो सगळीकडे चढतो, दिसतो, मोजताही येतो. जास्त धास्ती घ्यावी ती खूप खाली, उधाणाच्या ओहोटीच्या रेषेलगत दिसणाऱ्या मऊ नारिंगी डागाची. खरवडला की तो सहज सुटतो, खाली काळा गाळ लागतो आणि गाळ धुतला की चकचकीत, खड्डे पडलेलं पोलाद दिसतं. यामागे जिवाणू आहेत.

पाण्याखालचं उघडं पोलाद वर्षाला साधारण 0.1 मिमी झिजतं. या डागाखाली हा वेग 0.5 मिमीवर जातो, कधी 1 मिमीही ओलांडतो. म्हणजे 10 मिमी जाडीच्या शीट पाइलला (धक्क्याची भिंत म्हणून जमिनीत ठोकलेल्या पोलादी पत्र्याला) दहा ते वीस वर्षांत आरपार भोक. मग भरतीचं पाणी आत-बाहेर करतं, पाइलमागचा भराव हळूहळू वाहून जातो आणि एके दिवशी वरची फरशी खचते.

ऑक्सिजन नसेल तर समुद्राच्या किंचित अल्कधर्मी पाण्यात लोखंड फारसं गंजायला नको. तरीही हवा न पोचणाऱ्या मातीतले लोखंडी पाइप सडत होते. फॉन वोल्झोगेन क्यूर आणि फान डेर फ्लुख्त या डच संशोधकांनी 1934 मध्ये त्याचा संबंध सल्फेट वापरणाऱ्या जिवाणूंशी जोडला. त्यांनी मांडलेली यंत्रणा पुढे बरीच बदलली, पण आरोपी बरोबर ओळखला होता.

पोलाद पाण्यात उतरलं की काही तासांतच त्यावर जिवाणूंचा चिकट थर धरू लागतो. थराच्या वरच्या भागातले जिवाणू ऑक्सिजन संपवतात. मिलिमीटरच्या काही दशांश खोलीवरसुद्धा तो उरत नाही. तिथे डिसल्फोव्हिब्रिओसारख्या जिवाणूंचं राज्य सुरू होतं. ते श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरतात, आणि समुद्राच्या एका लिटर पाण्यात सल्फेट असतं सुमारे 2.7 ग्रॅम. त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, त्याची लोखंडाशी गाठ पडली की काळा आयर्न सल्फाइड. हा सल्फाइड विजेचा वाहक असल्यामुळे त्याच्या संपर्कातलं पोलाद ॲनोड, म्हणजे विजेच्या जोडीतलं झिजणारं टोक, बनून आणखी वेगाने विरघळतं. काही जाती तर थेट लोखंडातूनच इलेक्ट्रॉन ओढून घेतात.

आता यात भरती-ओहोटी मिसळा. पाणी उतरलं की हवा लागते आणि दुसरे जिवाणू त्याच सल्फाइडपासून सल्फ्युरिक आम्ल बनवतात. एकाचा कचरा दुसऱ्याचं अन्न, आणि दोघांचाही मार पोलादावर. मुंबईत उधाणाला पाण्याच्या पातळीतला फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो, पाणी वर्षभर उबदार असतं आणि खाड्यांमधून येणारं सांडपाणी सेंद्रिय खाद्य पुरवतं. जिवाणूंना आणखी काय हवं?

तपासणीची वेळ महत्त्वाची. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी साधारण सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास लागते. खांबाचा तो पट्टा तेव्हाच उघडा पडतो. काळ्या गाळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले आणि सडक्या अंड्यांचा वास आला, तर सल्फाइड आहे. हा वायू विषारी आहे, म्हणून चाचणी मोकळ्या हवेत करावी आणि मुद्दाम हुंगू नये. लेड ॲसिटेटचा कागद काळा पडतो, तेवढा पुरावा पुरे. मग पृष्ठभाग धातूपर्यंत साफ करून अल्ट्रासॉनिक यंत्राने जाडी मोजावी, तीही जवळजवळच्या बिंदूंवर. मीटरमीटरच्या अंतराने मोजलं तर खड्डा नेमका मधे निसटतो.

जिवाणूंचा नमुना आसपासच्या पाण्यातून घेऊन फारसा उपयोग नाही, कारण ते चिकटून बसलेले असतात. पोलादावरचा गाळच खरवडून घ्यावा, बाटली काठोकाठ भरावी म्हणजे हवा राहत नाही, आणि बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोचवावी. तिथे दर पायरीला दहापट विरळ करत नेलेल्या बाटल्या 28 दिवस उबवतात. कितव्या बाटलीपर्यंत काळं पडलं त्यावरून संख्येचा अंदाज येतो.

ब्लीचिंगने धुऊन भागत नाही. क्लोरीन थराच्या वरच्या भागातच खर्ची पडतो. खरा आधार कॅथोडिक संरक्षणाचा, म्हणजे पोलादाकडे सतत वीज वाहती ठेवणारा वेगळा ॲनोड जोडण्याचा. एरवी पोलादाचा विद्युत दाब सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडच्या (मोजमापाच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या) तुलनेत उणे 800 मिलिव्होल्ट असला की पुरतो, पण हे जिवाणू असतील तर उणे 900 पर्यंत जावं लागतं. उणे 1100 च्या पलीकडे मात्र रंग सुटू लागतो आणि उच्च ताकदीचं पोलाद हायड्रोजनमुळे ठिसूळ होऊ शकतं. ॲनोड कायम पाण्याखाली राहील इतका खाली बसवावा आणि त्याला रंग लावू नये, नाहीतर तो कामच करत नाही. शिंतोड्यांच्या पट्ट्याला मात्र विजेचं संरक्षण पोचत नाही. तिथे जाड इपॉक्सीच हवं.

संरक्षण नीट चालू असेल तर काही आठवड्यांत पोलादावर कॅल्शियम-मॅग्नेशियमचा पांढुरका थर जमू लागतो. तो घाण समजून खरवडू नका. त्यामुळे लागणारी वीज कमी होते आणि ॲनोड जास्त टिकतो.