स्टॅम्पी

स्टॅम्पी : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी कॅरिबियन बेटांवर चिल्लर म्हणून चाललेले प्रतिमुद्रित (म्हणजे वर नवा ठसा ठोकलेले) नाणे. तांब्याच्या किंवा अत्यंत हिणकस चांदीच्या पातळ चकतीवर मुकुटाखाली ‘सी’ हे वसाहतदर्शक अक्षर ठोकलेले असे. फ्रेंच बेटांवर त्याला ‘ताँपे’ म्हणत, तर शेजारच्या ब्रिटिश बेटांवर ‘स्टॅम्पी’.

ऊस पिकवणाऱ्या या बेटांवरील मोठे व्यवहार साखरेत, हुंड्यांवर किंवा स्पॅनिश डॉलरमध्ये होत. अडत असे ते खुर्द्यावाचून. गुलामगिरीत राबणारे लोक आपल्या वाट्याच्या जमिनीत पिकवलेले कंद व भाजी रविवारच्या बाजारात विकत, आणि तेथे डॉलर मोडून देणार कोण? मायदेशाहून आलेली नाणी मालाच्या किमतीपोटी पुन्हा जहाजांवर चढत. त्यावर उपाय असा की, नाण्याचा भाव बेटावर मायदेशापेक्षा चढा ठेवायचा, म्हणजे ते परत नेणाऱ्याला तोटा होईल. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या काळात, १७६३ मध्ये, हा चढा भाव ठशाने जाहीर करण्यात आला. आपल्याकडे सराफाच्या खुणांनी रुपयाला बट्टा लागे. येथे खुणेने किंमत वाढली.

ताँपेचा भाव ३ सू ९ दनिये होता (सू व दनिये ही फ्रेंच चलनाची एकके; १२ दनियेंचा एक सू). ठसा नसलेले, १७३८ च्या फर्मानानुसार पाडलेले फ्रेंच नाणे वरची चांदी झिजून काळे पडे, म्हणून ब्रिटिश बेटांवर त्याला ‘ब्लॅक डॉग’ हे नाव पडले. त्याचा भाव फ्रेंच बेटांवर २ सू ६ दनिये होता. चार ताँपे किंवा सहा काळी नाणी मिळून १५ सूंचे एक एस्कालें (फ्रेंच बेटांवरील हिशेबाचे एकक) होई. ब्रिटिश बेटांवर स्थानिक ९ पेन्सांचा ‘बिट’ याच प्रमाणात फुटे : स्टॅम्पी सव्वादोन पेन्सांची, ब्लॅक डॉग दीड पेन्सांचा. कागदावर हा हिशेब किचकट वाटतो, परंतु बाजारातल्या माणसाला चार आणि सहा एवढेच लक्षात ठेवायचे होते.

एका अक्षराचा ठसा कोणत्याही लोहाराला जमण्याजोगा असल्याने खोटी नाणी लवकरच पसरली. पुढे काही ब्रिटिश बेटांनी चलनातल्या फ्रेंच नाण्यांवर स्वतःची अक्षरे ठोकली : सेंट किट्सचे ‘एस’, माँतसेरातचे ‘एम’, तोर्तोलाचे ‘टी’. त्यामुळे एकाच चकतीवर दोन सत्तांचे ठसे आढळतात.

१७९३ ची प्रतिमुद्रा मात्र वेगळ्या हेतूची आहे. वसाहतींसाठी १७६७ मध्ये पाडलेल्या, राजाचे नाव असलेल्या तांब्याच्या नाण्यांवर लंबवर्तुळात ‘आर एफ’ ही फ्रेंच प्रजासत्ताकाची आद्याक्षरे उमटवून ती ग्वादलूपमध्ये चालवण्यात आली. येथे प्रश्न भावाचा नसून सत्तेचा होता.

ब्रिटिश सरकारने १८२५ मध्ये वसाहतींत स्टर्लिंगची चांदीची नाणी रुजवण्याचे धोरण स्वीकारल्यानंतर ही चिल्लर हळूहळू मागे पडली. ठसा सहज उठवता येत असल्याने आजही अस्सल व बनावट नमुन्यांत फरक करणे संग्राहकांना अवघड जाते.