व्यापारवाद : इंग्लंडमधील व्यापार आणि वसाहतविषयक विचार

सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये परदेशी व्यापार, सोन्याचांदीची ये-जा आणि समुद्रापलीकडील वसाहती यांविषयी जो विचार मांडला गेला, त्याला व्यापारवाद म्हणतात. हे नाव मागाहून पडले; १७७६ मध्ये अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथने या विचारावर टीका करताना त्याला ‘व्यापारी पद्धती’ म्हटले आणि तेव्हापासून तो एकसंध सिद्धांत असल्यासारखा ओळखला जाऊ लागला. प्रत्यक्षात त्याचे बहुतेक लेखक व्यापारी, कंपन्यांचे संचालक किंवा सरकारी अधिकारी होते, आणि त्यांची पुस्तके त्या त्या वेळच्या वादात आपली बाजू मांडण्यासाठी लिहिलेली होती. हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्यातील परस्परविरोध उलगडत नाहीत.

वादाचे मूळ चांदीत होते. १६०० मध्ये स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीला पहिल्या सनदेने एका सफरीत ३०,००० पौंडांपर्यंत चांदी देशाबाहेर नेण्याची मुभा दिली होती, कारण पूर्वेकडील बाजारांत इंग्रजी लोकरी कापडाला फारसे गिऱ्हाईक नव्हते. पुढे १६२० च्या सुमारास कापडाची निर्यात कोसळली, विणकरांचे माग बंद पडले आणि देशात नाण्यांची टंचाई भासू लागली, तेव्हा अनेकांचे बोट कंपनीकडे वळले. जेरार्ड मॅलिन्स या व्यापारी लेखकाने दोष हुंडणावळीचे, म्हणजे परकी चलनाच्या अदलाबदलीचे, दर फिरवणाऱ्या सराफांना दिला. एडवर्ड मिसेल्डन या व्यापाऱ्याने १६२२ च्या पुस्तकात कंपनीवर ठपका ठेवला, पण पुढच्याच वर्षी, कंपनीशी संबंध जुळल्यावर, बाजू बदलून आयात-निर्यातीच्या एकूण तोलावर भर दिला.

या तोलाची, म्हणजे व्यापारशेषाची, सर्वांत प्रभावी मांडणी कंपनीचा संचालक टॉमस मन (१५७१–१६४१) याने केली. देशाने परक्यांकडून जेवढ्या किमतीचा माल घ्यावा, त्यापेक्षा अधिक किमतीचा त्यांना विकावा, म्हणजे उरलेली रक्कम सोन्याचांदीच्या रूपाने घरी येते, असे त्याचे म्हणणे होते. मात्र हा हिशेब एकेका देशाशी न करता सर्व व्यापाराचा मिळून करावा, असे तो बजावतो, आणि कंपनीचा बचाव नेमका इथेच आहे. एक लाख पौंड पूर्वेकडे पाठवून मिरी आणली आणि तीच पुढे इटलीत किंवा तुर्कस्तानात विकली, तर सात लाख पौंड मिळतात, असे उदाहरण त्याने दिले. पेरणीच्या दिवसांत मूठमूठ चांगले धान्य मातीत टाकणारा शेतकरी वेडा वाटतो, पण त्याचे मोल सुगीत कळते, हा त्याचा दृष्टांत तर स्मिथनेही उद्धृत केला. मनचा मुख्य ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्याच वर्षी परदेशी नाणी आणि सोनेचांदी बाहेर नेण्यावरील बंदी कायद्याने उठली होती.

वसाहतींविषयीचा विचार याच हिशेबात बसवला गेला. प्रवासवर्णनांचा संग्राहक रिचर्ड हॅक्लूटने १५८४ मध्ये राणी एलिझाबेथसाठी लिहिलेल्या टिपणात अमेरिकेतील वसाहतींकडे बेकारांना काम, इंग्रजी कापडाला बाजारपेठ आणि परक्यांकडून घ्यावा लागणारा कच्चा माल मिळवण्याचे साधन म्हणून पाहिले होते. शतकभरात चिंता उलटली. आता वसाहतींमुळे देशातील माणसे आटतात, अशी ओरड होऊ लागली. ईस्ट इंडिया कंपनीचा पुढे गव्हर्नर, म्हणजे प्रमुख, झालेल्या जोसाया चाइल्डने तिला उत्तर देताना वसाहतींची प्रतवारीच लावली. कॅरिबियन समुद्रातील बार्बाडोस बेटावरचा एक इंग्रज मळेवाला आपल्या गुलामांसह इंग्लंडमधील अनेकांना रोजगार देतो. उलट उत्तर अमेरिकेतील न्यू इंग्लंड धान्य, मासे आणि जहाजे यांत मायदेशाशीच स्पर्धा करत असल्याने ती सर्वांत अपायकारक वसाहत होय, असे त्याचे मत होते. या गणितात आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे जमेच्या बाजूची एक रक्कम म्हणून येतात. त्यांच्या हालांचा शब्दही तिथे नसणे, हे या विचाराचे सर्वांत कठोर लक्षण मानले पाहिजे.

कायद्यांनी या विचाराला हातपाय दिले. परक्या जहाजांतून माल आणण्यावर बंधने घालणाऱ्या १६५१ च्या नौवहन कायद्याचा रोख डच जहाजांवर होता. १६६० च्या कायद्याने जहाजाचा कप्तान आणि तीन चतुर्थांश खलाशी इंग्रज असणे बंधनकारक केले, आणि वसाहतींतील साखर, तंबाखू, कापूस, नीळ, आले व रंगाची लाकडे फक्त इंग्लंडला किंवा इंग्रजी वसाहतींनाच पाठवण्याची सक्ती केली. १६६३ पासून वसाहतींना लागणारा बहुतेक युरोपीय मालही इंग्लंडमार्गेच घ्यावा लागे. हे बंधन अगदीच एकतर्फी नव्हते: अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीच्या तंबाखूसाठी, आणि त्यावरील जकातीसाठी, खुद्द इंग्लंडमध्ये तंबाखू पिकवायला मनाई होती आणि ग्लॉस्टरशरमधील शेतकऱ्यांचे उभे पीक सैनिक पाठवून तुडवले गेले.

चाइल्डच्या लेखी नफा आणि सत्ता यांचा विचार एकत्रच करायचा होता, आणि त्याची झळ मुंबईलाही लागली. पोर्तुगीज राजकन्येशी लग्न ठरताना झालेल्या १६६१ च्या तहात इंग्लंडच्या राजाला मिळालेले हे बेट १६६८ मध्ये वार्षिक दहा पौंड भाड्याने कंपनीकडे आले. चाइल्डच्या धोरणातून मोगलांशी युद्ध पेटले, १६८९ मध्ये मोगलांचा आरमारप्रमुख, जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान याने मुंबईला वेढा घातला, आणि शेवटी कंपनीला औरंगजेबाची माफी मागून दीड लाख रुपये दंड भरावा लागला.

भारतीय कापडाने व्यापारशेषाच्या तत्त्वाची खरी कसोटी लागली. गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावरील छापील सुती कापड स्वस्त आणि धुण्यास सोपे असल्याने लंडनमध्ये त्याची चटक लागली, तेव्हा १६९७ मध्ये रेशीम विणकरांनी कंपनीच्या कचेरीवर चाल केली. अर्थविषयक लेखक चार्ल्स डॅव्हनंटने व्यापार मुक्त ठेवण्याची बाजू मांडली. १७०१ मधील एका निनावी पुस्तिकेने तर जे कापड भारतातून कमी श्रमांत मिळते, ते घरी अधिक श्रम घालून विणणे म्हणजे माणसांचे कष्ट वाया घालवणे होय, असा युक्तिवाद केला; तो त्या काळाच्या फार पुढचा होता. संसदेने मात्र विणकरांचे ऐकले. १७०० च्या कायद्याने पूर्वेकडील छापील कापड वापरण्यास बंदी आली आणि १७२१ मध्ये ती बहुतेक सर्व छापील सुती कापडाला लागू झाली. नौवहन कायदे त्याहून दीर्घायुषी ठरले. ते १८४९ मध्ये रद्द झाले.