डॉल्बीच्या पोटातला डिस्को

कोल्हापुरात डॉल्बी म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. खाली बेस, वर टॉप, मागं जनरेटर आणि मध्ये कुठंतरी लॅपटॉप सांभाळत बसलेला डीजे. ज्यांच्या आडनावावरून हा शब्द आला ते रे डॉल्बी मात्र आवाज स्वच्छ करणारे गृहस्थ. १९६५ साली त्यांनी लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची सरसर दाबण्यासाठी. पुढं कॅसेट डेकवर आणि थिएटरच्या जाहिरातीत ते नाव दिसायला लागलं. डॉल्बी म्हणजे भारी आवाज, असं आपण ठरवून टाकलं आणि इंजिनिअर माणसाचं नाव पार उलट्या अर्थानं मिरजकर तिकटीच्या चौकात येऊन उभं राहिलं.

डॉल्बी वाजणार की नाही, यावर इथं दर गणेशोत्सवात वाद होतो. त्यातून वाजतं काय आणि ते आलं कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही. गाणं हिंदी असो, मराठी असो की देवाचं, तळाला एकच ठोका असतो: धप, धप, धप, धप. चार मात्रांना चार, सगळे एका वजनाचे. हलगी अशी वाजत नाही. तिच्यात जाड काठी आणि बारीक काठी एकमेकींना अडवत जातात, घुमकं खालून दम देतं, कैताळ वरून खणखणतं आणि ठेका जरा तिरका चालतो. हा सरळसोट ठोका आपल्याकडचा नाही. तो डिस्कोचा आहे.

अमेरिकेत त्याचं श्रेय बहुतेक जण फिलाडेल्फियाच्या अर्ल यंग या ड्रमरला देतात. १९७३ च्या सुमारास त्यानं पायातला मोठा ड्रम प्रत्येक मात्रेवर मारायला सुरुवात केली. नाचणाऱ्यांची सोय झालीच, पण खरी सोय झाली ती तबकड्या लावणाऱ्याची. ठोके असे सारख्या अंतरावर पडले की एक तबकडी संपता संपता दुसरी तिच्या ठोक्यात ठोका मिसळून सुरू करता येते. त्यासाठी टेक्निक्स कंपनीनं १९७९ मध्ये टर्नटेबलला वेग कमीजास्त करायची सरकपट्टी दिली. रात्रभर न तुटणारं संगीत तेव्हापासून सोपं झालं. आजच्या डीजेच्या सॉफ्टवेअरमध्येही ती सरकपट्टी तशीच आहे, फक्त बोटाऐवजी माऊसनं सरकते.

त्याच १९७९ च्या १२ जुलैला शिकागोच्या कॉमिस्की पार्क या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या तबकड्यांना सुरुंग लावण्यात आला. हा सुरुंग खराखुरा होता. स्टीव्ह डाल या रेडिओ निवेदकाची ती कल्पना. डिस्कोची तबकडी आणा आणि ९८ सेंटमध्ये सामना बघा, अशी सवलत होती. स्फोटानंतर हजारो प्रेक्षक मैदानात घुसले आणि त्या रात्रीचा दुसरा सामना होऊच शकला नाही. वरवर हा रॉकवाल्यांचा हट्ट वाटतो. पण डिस्को ही मुख्यतः कृष्णवर्णीयांची, लॅटिनोंची आणि समलिंगी लोकांच्या क्लबांची गोष्ट होती, तेव्हा राग कशाचा होता हे उघड आहे. मैदानात लोकांना जागा दाखवायचं काम करणारा व्हिन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय पोरगा पुढं सांगत राहिला की लोकांनी आणलेल्या कितीतरी तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच, नुसत्या काळ्या कलावंतांच्या होत्या.

हा लॉरेन्स लक्षात ठेवण्यासारखा. पाचच वर्षांनी, १९८४ मध्ये, जेसी साँडर्सबरोबर त्यानं जे गाणं केलं ते हाऊस संगीताची पहिली तबकडी मानतात. जिथं डिस्को पुरला, त्याच गावात तो नाव बदलून उठला. हाऊस हे नावही शिकागोच्या ‘वेअरहाऊस’ या क्लबवरून पडलं. तिथं न्यूयॉर्कहून आलेला फ्रँकी नकल्स तबकड्या लावायचा. बड्या कंपन्यांनी डिस्कोतून पैसा काढून घेतला होता, व्हायोलिनवाले आणि पितळी वाद्यांचा ताफा परवडणारा नव्हता. म्हणून पोरांनी यंत्रं घेतली, तीही सेकंडहँड. रोलँड या जपानी कंपनीचं ८०८ हे ड्रम मशीन १९८० चं, ९०९ हे १९८३ चं. ३०३ नावाची छोटी पेटी गिटारवाल्यांना घरी सरावाला बेसची साथ मिळावी म्हणून काढली होती, पण ती काही चालली नाही. पडत्या भावात मिळालेल्या या पेटीची बटणं फ्युचर या शिकागोच्या त्रिकुटानं नको तितकी पिळली. त्यातून जो चिवचिवता, चिघळलेला आवाज आला त्याला अ‍ॅसिड हाऊस म्हणतात. त्यांची तबकडी आली १९८७ मध्ये.

शेजारच्या डेट्रॉइटमध्ये हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन साँडरसन यांनी त्याच सुमारास टेक्नो उभा केला, त्यात जर्मनीच्या क्राफ्टवर्क या बँडचा यांत्रिकपणा मिसळलेला. १९८८ नंतर हे सगळं ब्रिटनमध्ये शेतांत आणि रिकाम्या गोदामांत रात्र रात्र वाजू लागलं. १९९४ मध्ये तिथल्या सरकारनं कायदाच केला आणि त्यात ‘एकापाठोपाठ येणारे तेच ते ठोके’ अशा अर्थाची व्याख्या घातली. आपल्याकडं डॉल्बीला कायद्यात इतकं नेमकं कुणी पकडलेलं नाही.

आता घराजवळची गोष्ट. १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग या सिनेसंगीतातल्या वादकानं दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एक तबकडी काढली. यंत्रं तीच, रोलँडची ८०८ आणि ३०३. म्हणजे फ्युचरच्या आधी पाच वर्षं. ती खपली नाही. एका डच संग्राहकाला ती सापडली आणि २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा परदेशातले जाणकार चाट पडले. त्यावरून ‘अ‍ॅसिड हाऊस भारतात जन्मलं’ असं छातीठोक सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकल्याचा काही पुरावा नाही. सिंग त्या पेटीकडं गेले ते रागांसाठी. नाचवायला निघालेला माणूस आणि राग शोधत निघालेला माणूस एकाच बटणाशी पोचले, एवढंच.

आपल्याकडं डिस्कोला कुणी सुरुंग लावला नाही, हा मोठा फरक. १९८० मध्ये नाझिया हसनचा आवाज आला, १९८२ मध्ये ‘डिस्को डान्सर’मधून बप्पी लाहिरी आणि मिथुन. अमेरिकेत जो शब्द शिवीसारखा झाला होता, तो इथं कौतुकाचा झाला. डिस्को लाइट, डिस्को दांडिया. मग १९८५ मध्ये रोलँडनंच ऑक्टोपॅड काढला. आठ रबरी चौकोन, काठीनं मारले की ढोलकीपासून ड्रमपर्यंत हवं ते वाजवणारे. शिकागोला ८०८ नं जे दिलं, ते मराठी ऑर्केस्ट्राला ऑक्टोपॅडनं दिलं, असं मी म्हणेन. लग्नाची वरात असो की गणपतीसमोरचा बेंजो, ऑक्टोपॅडवाला ठरल्याशिवाय सुपारी पक्की होत नाही.

नव्वदीतला इंडिपॉप आणि दोन हजारनंतरची रिमिक्सची लाट सर्वांना पाठ आहे. गंमत म्हणजे याच काळात कोल्हापूरपासून पाचेक तासांवर, गोव्यात हणजुण्याच्या (अंजुना) किनाऱ्यावर, गोवा ट्रान्स हा नाचाच्या संगीताचा प्रकार जगभर नाव काढत होता. आमची पोरं गोव्याला जाऊन यायची, पण ते संगीत काही गगनबावड्याचा घाट चढून वर आलं नाही. इथं आलं ते संगणकातून. फ्रूटीलूप्स हे बेल्जियन सॉफ्टवेअर १९९७ च्या अखेरीस निघालं आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत त्याच्या प्रती, बहुतेक फुकटच्या, गावोगाव पोचल्या. स्टुडिओ नको, वादक नको. गाण्याचा आवाज उचलायचा, खाली किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, लावायची, वर हलगीचा पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा चढवायचा आणि मध्येच डीजेच्या नावाची हाक. २०१६ मध्ये अजय-अतुलचं ‘झिंगाट’ आलं तेव्हा या मंडळींना फार काही करावंच लागलं नाही, गाणं ट्रॉलीवर चढायला तयारच होतं.

ट्रॉली ही कल्पना मात्र डिस्को क्लबची नव्हे. तिचा जवळचा नातेवाईक जमैकात आहे. किंग्स्टनमध्ये १९५० च्या दशकापासून गल्लीत स्पीकर रचून गाणी लावणारे ‘साउंड सिस्टिम’वाले होते, आणि कुणाचा बेस मोठा यावर त्यांच्यातही ईर्ष्या चालायची. कोल्हापूरच्या तालमी-मंडळांतली ईर्ष्या माहीत असलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

वाद पेटतो तो बेसवरूनच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण मोजणी माणसाच्या कानाच्या संवेदनेप्रमाणे होते, त्यामुळं ५० हर्ट्झचा खर्ज आवाज मोजायचं मीटर सुमारे ३० डेसिबलनं कमी धरतं. खर्जाची लाट सातेक मीटर लांबीची, तिला महाद्वार रोडची भिंत फारशी अडवत नाही. खिडकी थरथरते, छाती दणदणते, पण आकड्यात तेवढं दिसत नाही.

२०१७ च्या सुमारास पोलिसांनी डॉल्बीमुक्त उत्सवाची मोहीम जोरात राबवली, तेव्हापासून काही वर्षं भिंत उभी राहते, काही वर्षं राहत नाही. नाही राहिली की लेझीम, ढोल-ताशा, हलगी-घुमकं पुढं येतात आणि बेंजोवाल्यांच्या तारखा आधीच भरतात. त्यांचा ऑक्टोपॅडवाला मिरवणूक हलण्याआधी पॅड जुळवून घेतो. त्यात एका पॅडवर किक असतेच, चार मात्रांना चार.