तंत्रिका सारकॉइडोसिस

सारकॉइडोसिस या विकारात निरनिराळ्या अवयवांत दाहक पेशींच्या बारीक गाठी (कणिकार्बुदे) होतात. त्या मेंदू, मेरुरज्जू, त्यांची आवरणे किंवा तंत्रिका यांत झाल्यास त्यास तंत्रिका सारकॉइडोसिस म्हणतात. सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांत तो लक्षणांनी प्रकट होतो. शवविच्छेदनात प्रमाण याहून अधिक आढळते.

मूळ विकाराच्या पहिल्या वर्णनाविषयी मतभेद आहेत. काही लेखक जोनाथन हचिन्सन यांनी १८६९ च्या सुमारास लंडनमध्ये पाहिलेल्या त्वचारोग्यापासून आरंभ करतात. ऊतकाचे सूक्ष्मदर्शीय वर्णन व ‘सारकॉइड’ ही संज्ञा नॉर्वेच्या सीझर बोएक यांची (१८९९), त्यामुळे त्यांचा दावा अधिक भक्कम वाटतो. डॅनिश नेत्रवैद्य हेअरफोर्ट यांनी १९०९ मध्ये ताप, डोळ्यांतील दाह, कानाजवळील लालाग्रंथींची सूज व चेहऱ्याचा पक्षाघात एकत्र नोंदवले, पण ते गालगुंडाशी जोडले. हा सारकॉइडोसिसच होय, हे साधारणतः वाल्डेनस्ट्रॉम यांच्या १९३७ च्या निबंधापासून मान्य झाले.

चेहऱ्याची तंत्रिका सर्वांत जास्त वेळा बाधित होते. निदानाची खरी अडचण क्षयरोगामुळे येते, आणि भारतात ती विशेष जाणवते. एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाची आवरणे उजळणे, मस्तिष्क-मेरुद्रवात लसीका पेशी व प्रथिने वाढणे, क्वचित शर्करा घटणे, हे सारे क्षयजन्य मस्तिष्कावरणदाहातही दिसते. रक्तातील एसीई (या विकारात अनेकदा वाढणारे एक विकर) प्रमाणात आले तरी रोग नाही असे ठरत नाही. म्हणून लसीका ग्रंथी, त्वचा किंवा फुप्फुस अशा सहज हाती येणाऱ्या जागेचा तुकडा तपासतात; गाठीत मृत ऊतक (जे क्षयाच्या गाठीत बहुधा असते) नसले तरी क्षयरोगाचे जंतू शोधावेच लागतात. २०१८ च्या तज्ज्ञसंमत निकषांनुसार, तंत्रिका तंत्राच्याच ऊतकात पुरावा मिळाला तर निदान ‘निश्चित’, अन्य अवयवात मिळाला तर ‘संभाव्य’ आणि ऊतकपुरावा नसेल तर ‘शक्य’ मानतात.

उपचारांत स्टेरॉइडे प्रथम येतात. तीव्र विकारात मिथिलप्रेडनिसोलोन शिरेतून रोज १ ग्रॅम, ३ ते ५ दिवस देतात. नंतर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या कित्येक महिने हळूहळू कमी करतात. मात्रा उतरताना रोग उलटतो, तेव्हा मेथोट्रेक्सेट, अ‍ॅझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जोडतात. दुर्दम्य रोगात इन्फ्लिक्झिमॅब हे दाह वाढवणारे टीएनएफ प्रथिन रोखणारे औषध उपयुक्त ठरते. मात्र ते सुप्त क्षयरोग जागा करू शकत असल्याने आधी त्याची तपासणी अनिवार्य असते. केवळ चेहऱ्याचा पक्षाघात असेल तर तो बहुधा बरा होतो. मेरुरज्जूच्या विकारात सुधारणा अनेकदा अपुरी राहते.