चुंग से-युंग

चुंग से-युंग : (६ ऑगस्ट १९२८ – २१ मे २००५). दक्षिण कोरियाचे मोटारउद्योजक व ह्युंदाई मोटर कंपनीचे दीर्घकाळ प्रमुख. जन्म सध्या उत्तर कोरियात असलेल्या थोंगछन येथे, शेतकरी कुटुंबात. ह्युंदाई समूहाचे संस्थापक चुंग जू-युंग यांचे ते धाकटे बंधू. कोरिया विद्यापीठ व अमेरिकेतील मायामी विद्यापीठ (ओहायओ) येथे राज्यशास्त्राचे शिक्षण घेऊन १९५७ मध्ये ते ह्युंदाईच्या बांधकाम कंपनीत दाखल झाले.

१९६७ मध्ये ह्युंदाई मोटर स्थापन होताच तिची सूत्रे त्यांच्याकडे आली. फोर्डशी करार करून उल्सान येथे १९६८ पासून कॉर्टिना मोटारींची जुळणी सुरू झाली. पुढे संयुक्त कंपनीची बोलणी फिसकटली आणि चुंग यांनी स्वतःचे मॉडेल काढण्याचा निर्णय घेतला. त्यातून निघालेली पोनी १९७४ च्या तूरिन प्रदर्शनात मांडली गेली. तिच्या उत्पादनाचा प्रारंभ कोठे १९७५ च्या अखेरीस, तर कोठे १९७६ च्या आरंभी दिला जातो. चाचणी-उत्पादन व विक्री यांत फरक न केल्याने ही तफावत पडली असावी.

पोनीला ‘पहिली कोरियन मोटार’ म्हणण्याबाबतही एकमत नाही. अमेरिकी लष्करी जीपचे भाग वापरून बनवलेली शीबाल १९५५ मधली, म्हणजे बरीच आधीची. शिवाय पोनीचा आराखडा इटलीच्या जोर्जेत्तो जुजारो यांचा, एंजिन व गिअरपेटी मित्सुबिशीच्या तंत्राची आणि प्रकल्पाची धुरा ब्रिटिश लेलँड या ब्रिटनमधील मोटार कंपनीतून आलेल्या जॉर्ज टर्नबुल यांच्याकडे. म्हणून काही अभ्यासक तिला केवळ जुळणीची पुढची पायरी मानतात. तथापि मॉडेलची मालकी व निर्यातीचा निर्णय कंपनीच्या हाती राहिला, हा मुद्दा अधिक वजनदार वाटतो. १९७६ मध्येच पोनी एक्वादोरला रवाना झाली. एंजिनाबाबतची स्वयंपूर्णता मात्र १९९१ च्या ‘अल्फा’ एंजिनापर्यंत लांबली. पोनीमुळेच चुंग ‘पोनी चुंग’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

१९८६ मध्ये अमेरिकेत उतरवलेल्या एक्सेल या ह्युंदाईच्या मॉडेलच्या पहिल्याच वर्षी १,६८,८८२ मोटारी खपल्या. किंमत कमी हे त्याचे मुख्य कारण. दर्जाविषयीच्या तक्रारींनी पुढे हा खप ओसरला. १९८७ ते १९९६ या काळात चुंग समूहाचे अध्यक्ष होते. १९९९ मध्ये मोटर कंपनी जू-युंग यांचे पुत्र मोंग-कू यांच्याकडे गेली. चुंग व त्यांचे पुत्र मोंग-ग्यू यांच्या वाट्याला ह्युंदाईची गृहबांधणी कंपनी आली.