अंगठ्याचं पेर आणि मिठाचा सट

परवा कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत किराणा घेताना आमच्या गल्लीतल्या काकू भेटल्या. त्यांनी हातातलं मिठाचं पाकीट परत ठेवलं आणि किलोभर सैंधव घेतलं. "आयोडीनचं म्हंजे केमिकलचं ओ. हे बघा, डोंगरातलं हाय." सैंधवाशी माझं भांडण नाही, उपवासाला मीही खातो. पण त्यात आयोडीन नसल्यातच जमा. मिठागरातल्या खडेमिठाचीही तीच गत. आयोडीन समुद्रात असतं खरं, पण पाणी आटवून केलेल्या मिठात ते फारसं उतरत नाही.

जोराचा पाऊस आणि पूर मातीतलं आयोडीन धुऊन नेतात. मग तिथल्या भातात, भाजीत, अगदी चारा खाणाऱ्या म्हशीच्या दुधातही ते कमीच. गगनबावडा-राधानगरीकडचा पाऊस पाहिलेल्याला यापुढं सांगायला नको.

राधानगरी तालुक्यातल्या एका शाळेत गलगंडाची तपासणी पाहिली होती. गलगंड म्हणजे आयोडीन कमी पडून गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुजणं. डॉक्टर पोराला समोर उभं करून दोन्ही अंगठ्यांनी गळा चाचपत आणि म्हणत, "आवंढा गिळ." गिळताना थायरॉइड वर सरकते, तेव्हा ती बोटाला कळते. माप कुठलं? त्या पोराच्याच अंगठ्याचं शेवटचं पेर! ग्रंथीची एक बाजू त्याहून मोठी लागली की गलगंड. नुसता हाताला लागला तर पहिली पायरी, मान सरळ असताना डोळ्याला दिसला तर दुसरी. सहा ते बारा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण 5 टक्के किंवा जास्त निघालं, तर तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न धरतात.

पण ग्रंथी सुजते का? मला यातलं हेच फार आवडतं. थायरॉइडच्या पेशींना पंप असतात, ते रक्तातलं आयोडीन ओढून आत साठवतात. तिथं थायरोग्लोब्युलिन नावाचं भलंमोठं प्रथिन आहे, त्यातल्या टायरोसिन नावाच्या तुकड्यांवर आयोडीनचे एक किंवा दोन अणू चिकटतात. दोन-दोनवाले दोन तुकडे जुळले की टी-4, एक आणि दोन जुळले की टी-3, ही थायरॉइडची दोन हार्मोन्स. आयोडीन तुटपुंजं असलं की ग्रंथी काटकसर करते आणि तीन अणूंत भागणारं टी-3 जास्त बनवते. पण टी-4 घटतं, ते मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला कळतं आणि ती टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, वाढवते. या हुकमानं पंप वाढतात, पेशी फुगतात, नव्या पेशी तयार होतात. कच्चा माल नाही म्हणून कारखान्यानं शेडच वाढवत न्यावी, तसं! म्हणजे गलगंड ही ग्रंथीची धडपड आहे. गळ्यात ताईत बांधून ती थांबत नाही. गंडमाळ मात्र वेगळी, ती बहुधा क्षयाच्या गाठींची.

आयोडीन मिळू लागल्यावरही सूज ओसरायला महिने, कधी वर्षं लागतात. म्हणून गळा मागची हकीकत सांगतो आणि लघवीतलं आयोडीन आजची. मुलांना दिवसाला 120 मायक्रोग्रॅम लागतं, मोठ्यांना 150, गरोदर बाईला 250, कारण पोटातल्या बाळाचा मेंदू त्यावरच घडतो. सत्तर वर्षांची बेरीज केली तरी चार ग्रॅम भरत नाही.

भारतात 1962 साली गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यामागे संशोधक डॉ. व्ही. रामलिंगस्वामींचं हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यातलं आयोडीनच्या मिठावरचं काम होतं. आज घरापर्यंत पोचलेल्या मिठात किमान 15 पीपीएम आयोडीन हवं, म्हणजे एका ग्रॅमला 15 मायक्रोग्रॅम. ते वाढवायला मीठ जास्त खायचं नाही, आहे तेच आयोडीनवालं खायचं.

त्या शाळेत मुलांनी तपासायला घरून चमचाभर मीठ पुडीत आणलं होतं. मिठात आयोडीन असतं पोटॅशियम आयोडेटच्या रूपात. किटच्या थेंबात आम्ल, आयोडाइड आणि स्टार्च. मिठातल्या आयोडेटशी त्यांची गाठ पडली की मोकळं आयोडीन सुटतं आणि स्टार्च निळं-जांभळं होतं. एकेक पुडी निळी होत गेली. खडेमिठाची एक पांढरीच राहिली. आणखी एक जेमतेम फिकट झाली, मीठ ओलसर होतं. पाकीट तर आयोडीनचंच आणतो, असं पोरगं म्हणालं. मिठाचा सट, म्हणजे बरणी, कुठं ठेवता, विचारल्यावर सांगितलं, "चुलीवरच्या फळीवर. झाकण फुटलंय."